शुभंकर : मनोरुग्णाच्या घरच्यांचा सत्तर वर्षांचा इतिहास

गणेशोत्सवाच्या दिवसांत आपल्या मंडळाचा फोन सतत वाजत असतो. कुणाला आरतीची वेळ हवी असते, कुणाला नाटकाच्या प्रवेशिका, कुणाला महाप्रसादाची नावनोंदणी करायची असते. पण वर्षातून चार-सहा वेळा एक वेगळाच फोन येतो. सोलापूर, सांगली, लातूर, नांदेड अशा कुठल्या तरी गावाहून कोणी विचारते, "निम्हान्सला दाखवायला आणतोय. राहायची सोय कुठे होईल? कानडी येणारं कुणी बरोबर येईल का?" बोलणारा बहुधा वडील, मोठा भाऊ किंवा नवरा असतो. पेशंट कोण, काय होतंय असे विचारले की आवाज एकदम खाली येतो.

मनोविकारांवर आता वर्तमानपत्रांतून बरेच लिहिले जाते. पण रुग्णाचा हात धरून रात्रीच्या गाडीने बंगळूरला उतरणाऱ्या त्या माणसाविषयी फारसे कोणी लिहीत नाही. त्याच्यासाठी आपल्या देशात आजवर काय झाले, कोणी केले आणि काय राहून गेले, याचा थोडक्यात आढावा घ्यावा म्हणून हा लेख. या इतिहासातली काही महत्त्वाची पाने आपण राहतो त्याच शहरात लिहिली गेली आहेत, हेही एक कारण आहे.

दाराबाहेरचे नातेवाईक

"याला ठाण्याला पाठवायला हवं" किंवा "येरवड्याला जागा बघा" हे थट्टेतले वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकले असेल. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. इंग्रजी अमदानीत अशी इस्पितळे गावाबाहेर, उंच भिंतींच्या आत उभी राहिली. १९१२ च्या 'इंडियन ल्युनसी ॲक्ट'प्रमाणे रुग्णाला आत ठेवायचे तर बहुतेक वेळा मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागे. नातेवाइकाचे काम अर्ज करायचे. हुकूम झाला की दार बंद होई आणि नातेवाईक बाहेर राही. आत काय चालले आहे हे त्याला कळत नसे, आणि घरी परत आणल्यावर कसे वागायचे हे त्याला कोणी सांगत नसे. पुष्कळ रुग्ण परत आलेच नाहीत.

मात्र भिंतीआड जागा तरी किती होती? भोर समितीचा अहवाल १९४६ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा अखंड हिंदुस्थानची लोकसंख्या ४० कोटींच्या घरात होती आणि मनोरुग्णांसाठी खाटा होत्या सुमारे १०,०००. म्हणजे इस्पितळात पोहोचणारा रुग्ण हा अपवाद होता. बाकी सारे घरीच होते. माजघरात, परसातल्या खोलीत, देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या दर्ग्याच्या आवारात. त्यांना जेवू घालणारी, आंघोळ घालणारी, रात्री उठून दार लावले आहे ना हे पाहणारी माणसे घरचीच होती. सरकारी कागदावर मात्र त्यांची नोंद कुठेच नव्हती.

अमृतसरचे तंबू

फाळणीत माणसांबरोबर इस्पितळांचीही वाटणी झाली. लाहोरच्या मनोरुग्णालयातले हिंदू आणि शीख रुग्ण १९५० मध्ये अमृतसरला आणले गेले. सआदत हसन मंटो यांची 'टोबा टेक सिंह' ही कथा याच अदलाबदलीवर आहे. ही कथा अनेकांना ठाऊक असते. अमृतसरला पुढे काय झाले, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

तिथे डॉ. विद्यासागर हे अधीक्षक होते. इस्पितळ गच्च भरलेले, नोकरवर्ग अपुरा आणि दारात रोज नवे रुग्ण. त्यांनी लष्कराचे तंबू मिळवून इस्पितळाच्या आवारात उभारले आणि नातेवाइकांना सांगितले, "पेशंटबरोबर तुम्हीही इथेच राहा." १९५० च्या दशकाच्या मध्यातली ही गोष्ट. खाटा नाहीत म्हणून केलेली ही सोय होती. पण थोड्याच दिवसांत डॉक्टरांच्या लक्षात आले की घरचे माणूस जवळ असले की रुग्ण लवकर सावरतो. ते नातेवाइकांना एकत्र बसवून आजाराची माहिती देऊ लागले. हा आजार बरा होऊ शकतो, हे त्या लोकांनी शेजारच्या तंबूत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. घरी गेल्यावर काय करायचे, हे ते शिकून गेले. आणि मुख्य म्हणजे रुग्णाला टाकून न जाता बरोबर घेऊन गेले.

त्याच सुमारास दक्षिणेत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. फ्लॉरेन्स निकोल्स यांच्या पुढाकाराने १९५७ मध्ये मानसिक आरोग्य केंद्र सुरू झाले. रुग्णाबरोबर घरचे माणूस राहिले पाहिजे, हा तिथला रिवाज झाला. अमृतसरला जे अडचणीतून जन्मले, ते वेल्लोरला ठरवून केलेले होते.

आपल्या बंगळूरला १९५४ मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली. १९७४ मध्ये ही संस्था आणि जुने सरकारी मनोरुग्णालय एकत्र करून आजचे निम्हान्स झाले. इथेही कुटुंबासह राहण्याचे वॉर्ड सुरू झाले आणि पुढे कुटुंबोपचाराचा वेगळा विभाग उभा राहिला. होसूर रोडवरच्या त्या आवारात आजही झाडाखाली डबा उघडून बसलेली कुटुंबे दिसतात. ते चित्र सत्तर वर्षांपूर्वीच्या त्या तंबूंपासून चालत आलेले आहे.

पाश्चात्त्य देशांत उलटे घडले. तिथे खाटा भरपूर होत्या आणि नातेवाइकांना कित्येक वर्षे लांब ठेवले गेले. आईच्याच वागण्यामुळे मुलाला स्किझोफ्रेनिया होतो, असेही तिथले काही तज्ज्ञ एके काळी सांगत. ते मत पुढे चुकीचे ठरले, पण तोवर असंख्य आयांनी तो दोष स्वतःच्या माथी घेतला होता.

ओझे मोजायची पट्टी

घरच्यांना सोबत घेतल्याने रुग्णाचे भले होते, हे सिद्ध झाले. पण घरच्यांचे काय होते? हा प्रश्न विचारायला आणखी पंचवीस वर्षे लागली. तो नीट विचारला गेला तोही बंगळूरलाच.

शैला पै आणि डॉ. आर. एल. कपूर यांनी १९८१ मध्ये कुटुंबावरील भार मोजण्याची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिचे सहा भाग आहेत. पैशाची ओढाताण, घराचा दिनक्रम विस्कटणे, करमणूक व विसावा बंद होणे, घरातल्या माणसांतले संबंध बिघडणे, इतरांच्या शरीरप्रकृतीवर परिणाम आणि इतरांच्या मनावर परिणाम. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांना ही यादी वाचताना वेगळे काही समजावून सांगावे लागणार नाही. पाहुणे बोलावणे बंद होते, लग्नाकार्याला एकाने घरी थांबायचे ठरून जाते, बहिणीच्या लग्नाची बोलणी अडतात, आईची रक्तदाबाची गोळी घ्यायची राहते. हे सारे पूर्वीही होतेच. पण ते मोजता आले, आणि जे मोजता येते त्यासाठी काही मागता येते. आजही देशभरातले अभ्यासक ही प्रश्नावली वापरतात.

याच दोघांनी आणखी एक प्रयोग केला. दाखल करण्याजोगे असलेले स्किझोफ्रेनियाचे काही रुग्ण इस्पितळात ठेवण्याऐवजी घरीच ठेवले आणि प्रशिक्षित परिचारिका त्यांच्या घरी जाऊ लागली. ती औषधांकडे लक्ष देई आणि घरच्यांशी बोले. घरी राहिलेल्या रुग्णांची प्रगती चांगली झाली, घरच्यांवरचा भार हलका झाला आणि खर्चही कमी आला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीचे हे निष्कर्ष आहेत. एवढे स्पष्ट उत्तर हाती असताना दारी येणारी ती परिचारिका देशात सर्वत्र का दिसत नाही, हा प्रश्न आपण सरकारला विचारायला हवा होता.

त्याच काळात जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत आग्रा आणि चंडीगढ येथल्या रुग्णांचे पुढचे आयुष्य श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा बरे गेल्याचे दिसले. चंडीगढच्या कुटुंबांत रुग्णावर टोचून बोलणे लंडनच्या कुटुंबांच्या मानाने कमी असते, असेही १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. याचा आपल्याला अभिमान वाटला. पण त्या अभिमानाचा एक तोटाही झाला. "आपल्याकडे कुटुंब आहेच की," असे म्हणून पुष्कळ जबाबदाऱ्या कुटुंबावर ढकलल्या गेल्या. कुटुंब किती दमले आहे, हे पाहायला कोणी थांबले नाही.

घरचे एकत्र येतात

इंग्लंडमध्ये १९७० साली जॉन प्रिंगल या गृहस्थांनी आपल्या मुलाच्या आजाराविषयी 'द टाइम्स'मध्ये लिहिले आणि त्यातून १९७२ मध्ये नातेवाइकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. अमेरिकेत १९७९ मध्ये मॅडिसन शहरात दोन आयांच्या पुढाकाराने 'नामी' ही संघटना सुरू झाली. आपल्याकडेही हे वारे आले, पण संथपणे. इथे रुग्णाचे नाव बाहेर येणे म्हणजे साऱ्या घराचे नाव बाहेर येणे होते.

मद्रासला डॉ. शारदा मेनन यांनी १९८४ मध्ये सहकाऱ्यांसह 'स्कार्फ' ही स्किझोफ्रेनियासाठी काम करणारी संस्था स्थापन केली. किल्पॉक मनोरुग्णालयाच्या त्या अनेक वर्षे अधीक्षक होत्या. त्यांच्याच प्रेरणेने तिथल्या कुटुंबीयांचा 'आशा' हा गट सुरू झाला. बंगळूरला १९८६ मध्ये रिचमंड फेलोशिपचे काम सुरू झाले. इस्पितळातून सुटल्यावर एकदम घरी न जाता काही काळ राहून रोजची कामे पुन्हा शिकण्याचे ठिकाण, म्हणजे हाफवे होम, ही कल्पना अशा संस्थांनी रुजवली. १९९० च्या दशकात निर्मला श्रीनिवासन यांच्या पुढाकाराने इथे 'अमेंड' ही कुटुंबीयांची संघटना उभी राहिली. तिचे सभासद नातेवाईकच होते. ज्याच्या घरी रुग्ण आहे, त्याच्याशी ज्याच्या घरी रुग्ण आहे अशानेच बोलायचे, एवढी साधी रीत. पण ज्यांनी त्या बैठका पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक आहे, की पहिल्यांदा येणारा माणूस बराच वेळ गप्प बसतो आणि मग बोलू लागला की थांबत नाही.

महाराष्ट्रात ठाण्याला १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' सुरू केली. पुण्यात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' म्हणजे 'सा' ही संस्था सुरू झाली. तिचे संस्थापक डॉ. जगन्नाथ वाणी हे कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला हा आजार होता. परदेशी स्थायिक झालेल्या एका मराठी माणसाने स्वतःच्या घरातले दुःख लपवून न ठेवता त्यातून मायभूमीत संस्था उभी केली, हे आपल्यासारख्या घर सोडून दूर राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे असे आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ चा 'देवराई' हा चित्रपटही 'सा'च्या सहभागातून निघाला. अतुल कुलकर्णी यांनी रंगवलेला शेष अनेकांच्या लक्षात आहे. पण त्याला आपल्या घरी आणून सांभाळणारी त्याची बहीण, सोनाली कुलकर्णी यांनी उभी केलेली, तीही त्या गोष्टीत तेवढीच महत्त्वाची आहे.

याच चळवळीतून मराठीत दोन सुंदर शब्द रूढ झाले. रुग्णाला 'शुभार्थी' आणि त्याला सांभाळणाऱ्याला 'शुभंकर'. 'पेशंट' आणि 'केअरटेकर' या शब्दांत एक कागदी कोरडेपणा आहे. शुभंकर म्हणजे शुभ करणारा. गणपतीच्या उत्सवात हा शब्द वेगळा समजावून सांगायला नको.

एरवाडी आणि त्यानंतर

६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडी गावी, दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयस्थानात पहाटे आग लागली. रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. २८ जण जळून मेले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि देशभर अशा जागांच्या तपासणीचे आदेश निघाले. साखळ्या बांधणाऱ्यांवर सर्वांनी संताप व्यक्त केला, तो योग्यच होता. पण त्या रुग्णांना तिथे आणून सोडणारी माणसे कोण होती? बहुतेक त्यांच्याच घरची. ती सारी निर्दय होती असे मानणे सोपे आहे. इस्पितळ लांब, औषध महाग, शेजारी तक्रार करणारे आणि विचारायला कोणी नाही, अशा अवस्थेत वर्षामागून वर्षे काढल्यावर माणूस जिथे दार उघडे दिसेल तिथे जातो. एरवाडीच्या आगीत ही गोष्टही उघडी पडली.

१९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १९९३ पासून लागू झाला होता. त्याचा भर इस्पितळांवर होता. त्याच्या जागी आलेला २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या १८ व्या कलमात सरकारने कोणत्या सेवा द्यायच्या याची यादी आहे. हाफवे होम, आधारासह राहण्याच्या जागा, आणि मनोरुग्णाच्या कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवा किंवा घरपोच पुनर्वसन. कुटुंबाचा आधार हा इथे उपकार न राहता कायद्यात लिहिलेली सरकारची जबाबदारी झाली. अमृतसरच्या तंबूपासून या ओळीपर्यंत यायला साठ वर्षे गेली.

ओळ कागदावर आली, पण घरापर्यंत अजून पुरती पोहोचलेली नाही. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय पाहणी केली. बहुतेक मनोविकारांत दर दहा रुग्णांपैकी सात किंवा अधिकांना उपचारच मिळत नाहीत, असे तीत दिसले. ज्यांना मिळतात त्यांच्या घरून उपचार आणि प्रवास यांवर महिन्याला १,००० ते १,५०० रुपये जातात. बुडालेल्या मजुरीचा किंवा सोडलेल्या नोकरीचा हिशोब वेगळाच.

"आमच्यानंतर काय?"

शुभंकरांच्या कोणत्याही बैठकीत शेवटी हाच प्रश्न येतो. सत्तरीच्या आई-वडिलांचा चाळिशीतला मुलगा. औषध, जेवण, पैसे, सारे त्यांच्या हाती. ते गेल्यावर कोण? १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी पालकत्वाची तरतूद झाली. मनोविकार त्यातून वगळले गेले. १९८७ च्या कायद्यात रुग्णाच्या मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची सोय होती, ती २०१७ च्या कायद्यात राहिली नाही. म्हणून कित्येक कुटुंबांना उच्च न्यायालयात जावे लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्वाची वाट आहे, पण ती नीट रुळलेली नाही.

तरीही काही गोष्टी आज हाताशी आहेत आणि त्या पुष्कळांना माहीत नसतात. दीर्घ मनोविकाराची गणना दिव्यांगत्वात होते. ४० टक्के किंवा अधिक असल्यास प्रमाणपत्राच्या आधारे सवलती मागता येतात. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याचे मूल मनोविकारामुळे कमावू शकत नसेल, तर नियमांतल्या अटींनुसार त्याला आजन्म कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. आपल्यात केंद्रीय नोकरीतले आणि निवृत्त सभासद बरेच आहेत. त्यांनी कार्यालयात ही नोंद हयातीतच करून ठेवावी. विमा कंपन्यांनी मनोविकारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यायचे, असे २०१७ चा कायदा सांगतो. आणि १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा सुरू आहे. क्रमांक १४४१६. चोवीस तास, मराठीतही. हा फोन फक्त रुग्णासाठी नाही. रात्री दोन वाजता काय करावे हे न सुचणाऱ्या आईनेही तो करावा.

आपल्याकडून

गावी होतो तेव्हा आत्या होती, काकू होती, शेजारच्या वहिनी होत्या. कोणी तरी तासभर येऊन बसे. नोकरीसाठी आपण दूर आलो आणि दोन खोल्यांच्या घरात तिघे-चौघे उरलो. अशा घरात एकजण आजारी पडला की दुसरा आपोआप घरात अडकतो. तो मंडळात यायचा बंद होतो. आपण म्हणतो, "हल्ली ते येत नाहीत, गर्व झालाय वाटतं." आपल्या सभासदांच्या यादीतही अशी घरे असणार. संख्या सांगता येणार नाही, कारण कोणी सांगत नाही.

मोठी संस्था काढणे मंडळाला झेपणारे नाही, आणि उपचार हे डॉक्टरांचेच काम आहे. पण अमृतसरला जे झाले त्यालाही इमारत लागली नव्हती. लागले होते तंबू आणि "इथेच राहा" म्हणणारा एक माणूस. गावाहून येणाऱ्या कुटुंबासाठी राहण्याच्या जागांची यादी आणि कानडी बोलणारे दोन स्वयंसेवक, महिन्यातून एकदा दार लावून बसायला मंडळाची एक खोली, आणि उत्सवाच्या दहा दिवसांत एक संध्याकाळ शुभंकराच्या घरी जाऊन बसणारा कुणीतरी, म्हणजे त्याला किंवा तिला आरतीला येता येईल. एवढे आपल्याला जमण्यासारखे आहे.

ज्या घरातून गेली काही वर्षे कोणी आले नाही, त्या घरी यंदा प्रसाद पोहोचवायला स्वतः जावे. दार उघडायला वेळ लागला तर थांबावे. आत बोलावले तर बसावे, आणि न विचारता ऐकावे.

गणपती बाप्पा मोरया!